फर्मीचा मोफत डेटा सर्व्हर: गॅमा किरणांचे भडके स्वतः मोजायचे असतील तर

पाठ्यपुस्तकात छापलेला आलेख खरा आहे का, हे स्वतः तपासून बघायची सोय विद्यार्थ्याला क्वचितच मिळते. प्रयोगशाळेत लंबक हलवता येतो, प्रिझममधून प्रकाश पाडता येतो. पण आठ हजार प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यापाशी काय घडलं, ते मात्र कुणी सांगितलं म्हणून मानायचं. नासाच्या फर्मी गॅमा किरण दुर्बिणीची सार्वजनिक डेटा सेवा ही अडचण दूर करते, तीही एक रुपया न घेता. मी सांगलीत पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी ही सेवा नेमाने वापरते, आणि दरवेळी एकाच स्रोताकडे वळते: पीएसआर बी1259-63. सेवेचा कस लावायला याच्यासारखा स्रोत नाही, म्हणून हे परीक्षणही त्याच्याच आधाराने लिहिते आहे.

आधी तो स्रोत काय आहे ते सांगते. दक्षिणेच्या आकाशात, त्रिशंकूच्या शेजारी, साधारण दहाव्या प्रतीचा एक निळा तारा आहे. त्याचं नाव एलएस 2883. वस्तुमान सूर्याच्या 15 ते 30 पट. स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की मध्यावर फुगला आहे, आणि त्याच्याच अंगातून सुटलेल्या वायूची एक चकती त्याच्याभोवती आहे. या ताऱ्याभोवती एक पल्सार, म्हणजे झपाट्याने गिरक्या घेत नियमित स्पंद पाठवणारा, मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा, 1236.7 दिवसांत, म्हणजे साधारण 3.4 वर्षांत, एक फेरी पुरी करतो. पल्सार स्वतः 48 मिलिसेकंदांत एक गिरकी घेतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या 64 मीटर रेडिओ दुर्बिणीने केलेल्या पाहणीत तो सापडला आणि 1992 मध्ये सायमन जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. एवढ्या मोठ्या, अजून ऐन उमेदीतल्या ताऱ्याभोवती फिरणारा रेडिओ पल्सार तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

कक्षा कमालीची लांबट आहे, उत्केंद्रता 0.87. दूर असतो तेव्हा दोघांमधलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 13 पट. जवळ येतो तेव्हा जेमतेम एका पृथ्वी-सूर्य अंतराएवढं. वायूची चकती कक्षेच्या पातळीला तिरकी आहे. त्यामुळे पल्सार जवळ येताना एकदा आणि परत जाताना एकदा, असा दोनदा तिच्यातून आरपार जातो. त्या काळात महिनाभर त्याचे रेडिओ स्पंद आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मधला वायू ते गिळून टाकतो. पल्सारमधून सुटणारा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा वारा आणि ताऱ्याचा वारा एकमेकांवर आदळतात, तिथे कण प्रचंड ऊर्जेला पोहोचतात आणि क्ष-किरणांपासून गॅमा किरणांपर्यंत सगळीकडे उजेड पडतो. 2004 च्या फेरीत नामिबियातल्या एच.ई.एस.एस. दुर्बिणींनी त्याचे टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यातले गॅमा किरण टिपले.

आता प्रश्न असा, की त्याहून खालच्या, म्हणजे गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात काय दिसतं? कुणीही म्हणेल, दोघे जवळ येतील तेव्हा भडका उडेल. त्याच समजुतीने 1994 च्या जानेवारीत कॉम्प्टन या गॅमा किरण बघणाऱ्या उपग्रहाला या जोडीकडे रोखलं होतं. पल्सार ताऱ्याच्या सर्वांत जवळ आला होता तेच आठवडे निवडले होते. उपग्रहावरच्या एग्रेट या उपकरणाला काहीही दिसलं नाही.

मग 2010 च्या 14 डिसेंबरला पल्सार पुन्हा ताऱ्याजवळून गेला, तोवर फर्मी वर गेलेली होती. जवळिकीच्या आसपास फर्मीला फिकट काहीतरी दिसलं, तेही मावळलं. आणि मग 2011 च्या जानेवारीच्या मध्याला, पल्सार चकती ओलांडून परतीच्या वाटेला लागलेला असताना, सर्वांत जवळच्या क्षणानंतर तीस दिवसांनी भडका उडाला. तो साधारण सात आठवडे चालला. ऐन भरात त्याचं तेज पल्सारची गिरकी मंदावताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते जवळपास तेवढंच होतं. ही ऊर्जा सूर्याच्या तेजाच्या दोनशे पट भरते. म्हणजे पल्सारची जवळपास सगळी कमाई त्या काळात एकट्या गॅमा किरणांत खर्च होत होती.

सेवेचं मोठेपण मला इथे दिसतं. फर्मी एका जागी टक लावून बसत नाही. तिच्यावरचं मुख्य उपकरण, ज्याला लॅट म्हणतात, एका वेळी आकाशाचा पाचवा भाग बघतं आणि दर तीन तासांनी, पृथ्वीभोवतीच्या दोन फेऱ्यांत, सगळं आकाश पालथं घालतं (2018 पासून या पद्धतीत थोडा बदल झाला, तो पुढे येईल). 2008 च्या 11 जूनला ती सोडली गेली, त्या ऑगस्टपासून हे काम चालू आहे. कधी बघायचं हे कुणी आधी ठरवावं लागत नाही. 1994 सारखी नेमकी तीन आठवड्यांची खिडकी निवडून बसलो असतो तर 2011 चा भडकाही हातून गेला असता. फर्मीपाशी मात्र भडक्याच्या आधीचं, भडक्याचं आणि नंतरचं, सगळं आहे, आणि 2009 च्या ऑगस्टपासून तो डेटा कुणालाही खुला आहे. संशोधकांनी आधी वर्षभर वापरावा आणि मग उरलेला इतरांना द्यावा, असा प्रकार इथे नाही. उपग्रहाकडून खाली आलेला डेटा काही तासांत सर्व्हरवर असतो. ज्या दिवशी मोठ्या विद्यापीठातला शास्त्रज्ञ बघतो, त्याच दिवशी सांगलीतली मुलगीही बघू शकते.

वापरायला कसं आहे ते सांगते. सर्व्हरच्या पानावर एक साधा अर्ज असतो. पहिल्या चौकटीत स्रोताचं नाव टाकायचं. पीएसआर बी1259-63 असं लिहिलं की त्याचे निर्देशांक तो स्वतःच शोधून घेतो. मग किती अंशांच्या वर्तुळातला डेटा हवा ते लिहायचं. मी 15 अंश सांगते, कारण का ते पुढे येईल. मग तारखा. 2010 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून 2011 च्या एप्रिलअखेरपर्यंत मागवा, म्हणजे शांत काळही हातात राहतो. मग ऊर्जेची मर्यादा, 100 ते 3,00,000 एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट), ती अर्जात आधीच भरलेली असते. फोटॉनची फाइल हवी आणि उपग्रहाची फाइलही हवी, दोन्हींवर खूण करायची. दुसरी विसरू नका, कारण दुर्बीण कोणत्या क्षणी कुठे होती आणि कोणत्या दिशेला बघत होती हे तीत असतं. त्याशिवाय मोजलेल्या फोटॉनांना अर्थ नाही. अर्ज पाठवला की विनंतीचा एक क्रमांक मिळतो आणि साधारण किती वेळ लागेल तेही सांगितलं जातं. थोड्या वेळाने त्या पानावर फाइली तयार असतात. मोबाइलच्या इंटरनेटवरही उतरवून घेता येतात, एवढाच त्यांचा आकार.

फोटॉनची फाइल पहिल्यांदा उघडली की वर्गात जो शांतपणा पसरतो तो मला फार आवडतो. एक भलामोठा तक्ता समोर येतो. प्रत्येक ओळीत ऊर्जा, आकाशातली दिशा, उपकरणाच्या अक्षाशी झालेला कोन, पृथ्वीच्या खमध्याशी, म्हणजे पृथ्वीपासून सरळ वर जाणाऱ्या दिशेशी, झालेला कोन आणि वेळ. वेळेचा रकाना सेकंदांत असतो, 1 जानेवारी 2001 पासून मोजलेला. 2011 च्या जानेवारीतल्या फोटॉनसमोर 31 कोटी 70 लाखांच्या घरातला आकडा दिसतो आणि त्यापुढे दशांश चिन्हानंतरही अंक चालूच असतात. माझी एक विद्यार्थिनी बराच वेळ त्या ओळींकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे ही एक ओळ म्हणजे एकच फोटॉन?" हो म्हटलं, एकच. तो आकाशातून आला, लॅटमधल्या टंगस्टनच्या पातळ पत्र्यात शिरला, तिथे त्याचा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन झाला, सिलिकॉनच्या पट्ट्यांवर दोघांच्या वाटा उमटल्या, खालच्या सीझियम आयोडाइडच्या स्फटिकांत त्यांची ऊर्जा जिरली, आणि त्या सगळ्या खुणांवरून ही एक ओळ तयार झाली. ती पुढे म्हणाली, "मग यातले आपल्या पल्सारचे कुठले?" सगळं काम या प्रश्नापासून सुरू होतं, आणि याचं उत्तर ओळीवर बोट ठेवून कधीच देता येत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण नवख्याचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. लॅटला फोटॉनची दिशा ऊर्जेप्रमाणे कमी-जास्त अचूक कळते. 1 जीईव्हीच्या, म्हणजे एका गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंवा 1,000 एमईव्हीच्या, फोटॉनची दिशा एका अंशाच्या आत सांगता येते, पण 100 एमईव्हीच्या फोटॉनची चूक पाच अंशांपर्यंत जाते. ओल्या कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखा एकच बिंदू आजूबाजूला पसरतो. आणि पीएसआर बी1259-63 चा भडका नेमका खालच्या ऊर्जांमध्ये असतो. 1 जीईव्हीच्या वर त्याचं तेज झपाट्याने ओसरतं. त्यात भर म्हणून हा स्रोत आकाशगंगेच्या मध्यपातळीपासून फक्त एका अंशावर आहे. तिथे ताऱ्यांमधल्या वायूवर वैश्विक किरण आदळून सगळीकडून गॅमा किरण येतच असतात. शेजारी इतर पल्सार आहेत, त्यांचंही तेज पसरून आपल्या वर्तुळात येतं. म्हणून 15 अंश मागवायचे आणि त्या सगळ्या पसाऱ्याचं एक प्रतिमान बांधायचं: आकाशगंगेची पार्श्वभूमी, सर्व दिशांनी सारखी येणारी पार्श्वभूमी, सूचीतले शेजारचे स्रोत, आणि मध्ये आपला पल्सार. मग प्रतिमानातले आकडे असे बसवायचे की मोजलेले फोटॉन मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त होईल. हे काम करणारी अवजारं फर्मीचं मदत केंद्रच मोफत देतं. त्यांना फर्मीटूल्स म्हणतात.

अवजारांची नावं एकदा कानावरून गेली की भीती जाते. जीटीसिलेक्ट फोटॉन निवडतं. पृथ्वीच्या क्षितिजाजवळचे फोटॉन इथेच टाकून द्यायचे, म्हणजे खमध्यापासून 90 अंशांपलीकडचे. वातावरणावर वैश्विक किरण आदळत असल्यामुळे गॅमा किरणांत पृथ्वीची कड फार प्रखर दिसते. जीटीएमकेटाइम चांगल्या वेळा ठेवतं आणि बाकीच्या गाळतं. दक्षिण अटलांटिकवरून जाताना तिथल्या भारित कणांच्या माऱ्यामुळे उपकरण बंद ठेवावं लागतं, ते अंतर असं हिशेबात येतं. जीटीएलटीक्यूब आणि त्याच्या सोबतची अवजारं आकाशाच्या प्रत्येक भागाकडे किती वेळ बघितलं गेलं ते काढतात. हे सावकाश चालतं. संध्याकाळी लावून द्यावं आणि सकाळी बघावं. शेवटी जीटीलाइक, जे प्रतिमान बसवतं आणि प्रत्येक स्रोताच्या समोर त्याचं तेज आणि टीएस नावाचा एक आकडा देतं. हा आकडा जेवढा मोठा तेवढी स्रोत खरा असण्याची खात्री जास्त. 25 च्या खाली असेल तर भडका म्हणून लिहायचं नाही, फक्त वरची मर्यादा द्यायची, असा माझ्या वर्गाचा नियम आहे. एखाद्या दिवशी चार फोटॉन जास्त आले की मुलांचे डोळे चमकतात, ते मला समजतं. पण फोटॉन इतके थोडे असतात की नशिबाने आलेले चार आणि ताऱ्याने पाठवलेले चार यांत फरक करायला शिकणं, हाच प्रकल्पाचा अर्धा अभ्यास आहे. भडका भरात असतानासुद्धा एका चौरस सेंटिमीटरवर आठवड्याला एखाददुसरा फोटॉन पडतो. लॅटचं क्षेत्र साधारण एक चौरस मीटरच्या पातळीचं आहे म्हणून काहीतरी हाती लागतं.

एवढं करून जो आलेख मिळतो तो बघण्यासारखा असतो. आडव्या अक्षावर जवळिकीच्या क्षणापासूनचे दिवस घ्या आणि उभ्यावर तेज. डिसेंबर 2010 चे आठवडे तळाशी लोळत असतात. मग तिसावा दिवस येतो आणि काही दिवसांत रेघ उभी चढते. ती सपाट राहत नाही, चढते-उतरते, आणि मार्चच्या सुरुवातीला खाली येते. हा आलेख शोधनिबंधात आधीच छापलेला आहे, यात नवं काही नाही. तरीही मुलांनी तो स्वतः काढला, त्यातला प्रत्येक बिंदू कुठून आला हे त्यांना माहीत आहे, आणि छापलेल्या आलेखाशी तो जुळतो. त्या दिवसापासून मुलं शोधनिबंध वेगळ्या नजरेने वाचू लागतात. चुकीची मर्यादा कशी काढली, किती रुंद कालखंड घेतले, पार्श्वभूमी कुठली धरली, असे प्रश्न ती स्वतःहून विचारतात.

खरी मजा पुढच्या फेऱ्या त्याच अक्षावर मांडल्या की येते. 2014 मध्ये पल्सार 4 मे रोजी जवळून गेला आणि भडका पुन्हा महिन्याभराने, जूनच्या सुरुवातीला उडाला. दोन फेऱ्या जुळल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, घड्याळ सापडलं. 2017 ची फेरी 22 सप्टेंबरची. तिसाव्या दिवशी शोधणाऱ्यांना काही मिळालं नाही. तेज वाढायला चाळीस दिवस लागले, आणि त्यानंतर जे झालं ते आधी कधी दिसलं नव्हतं: काही तासांचे, आणि त्यांच्या आत काही मिनिटांचे, तीव्र झटके. त्या झटक्यांमधलं तेज पल्सारच्या मंदावण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट होतं. 2021 मध्ये जवळिकीचा दिवस 9 फेब्रुवारी. भडका आणखी उशिरा, पंचावन्न दिवसांच्या आसपास सुरू झाला. त्याच कक्षेत, त्याच तिरक्या चकतीतून, तोच पल्सार जातो, आणि भडक्याची वेळ मात्र सरकत जाते. कक्षा बदलत नसेल तर बदलतंय ते दुसरं काहीतरी, आणि संशय सरळ ताऱ्याच्या चकतीवर जातो.

स्पष्टीकरणं बरीच मांडली गेली आहेत. पल्सारच्या वाऱ्याला ताऱ्याचा वारा दाबून शंकूचा आकार देतो, त्या शंकूतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वाहणारं द्रव्य आपल्या दिशेला वळतं तेव्हा तेज कित्येक पट भासतं, असं एक मत. त्यामुळे पल्सारच्या सगळ्या कमाईहूनही मोठा दिसणारा झटका समजू शकतो, कारण ऊर्जा सगळीकडे सारखी न फेकता एका अरुंद झोतात फेकली जाते. दुसरं मत असं, की पल्सार चकतीतून जाताना तिचे तुकडे करतो, ते तुकडे त्याच्या वाऱ्यात सापडतात आणि इलेक्ट्रॉनांना थांबवून गॅमा किरण बाहेर काढतात. तिसरं, वाऱ्यातले इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या आणि चकतीच्या प्रकाशाला, किंवा धक्क्यात तयार झालेल्या क्ष-किरणांना, ढकलून गॅमा किरणांच्या ऊर्जेला नेतात. मला स्वतःला चकती फुटण्याचं चित्र पटतं, कारण दर फेरीत वेळ का सरकते हे त्यातून सहज निघतं: चकती दर वेळी वेगळ्या आकाराची, वेगळ्या घनतेची असणार. पण भडक्याच्या वेळी क्ष-किरणांत आणि टेराइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये तसाच उठाव दिसत नाही, हे कोडं त्या चित्रालाही सोडवावं लागेल. निकाल लागलेला नाही. पदवीच्या मुलांसमोर निकाल न लागलेली गोष्ट ठेवता येते, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता मर्यादा. पहिली, सगळी मार्गदर्शक टिपणं इंग्रजीत आहेत. ती उत्तम आहेत, पायरीपायरीने लिहिलेली आहेत, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीचे काही आठवडे सोबत बसून वाचावी लागतात. मी आता वर्गासाठी मराठीत टिपणं केली आहेत आणि त्याचा फरक पडला. दुसरी, फर्मीटूल्स लिनक्स आणि मॅकवर चालतात. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत संगणक विंडोजचे, तिथे विंडोजच्या आत लिनक्स बसवून घ्यावं लागतं. पायथनची तोंडओळख असेल तर हे जमतं. तिसरी, दैनंदिन नोंद सलग नसते. 2018 च्या मार्चमध्ये उपग्रहाच्या एका सौर पॅनेलला फिरवणारी यंत्रणा अडकली आणि तेव्हापासून आकाश बघण्याची पद्धत बदलावी लागली. त्यामुळे आकाशाच्या एखाद्या भागाला काही दिवस जास्त वेळ मिळतो आणि काही दिवस कमी. 2021 ची फेरी करताना प्रत्येक दिवसाला किती निरीक्षण मिळालं हे आधी तपासा, नाहीतर कमी निरीक्षणाचा दिवस हा कमी तेजाचा दिवस वाटेल. या सगळ्या अडचणी मदत केंद्राने स्वतःच एका वेगळ्या पानावर लिहून ठेवल्या आहेत: कोणत्या ऊर्जेखाली निकालावर भरवसा ठेवू नये, पार्श्वभूमीचं प्रतिमान कुठे कमी पडतं. स्वतःच्या मालाची उणी बाजू एवढ्या सरळपणे सांगणारी सेवा मी दुसरीकडे फार पाहिलेली नाही, आणि माझ्या लेखी हा तिचा मोठा गुण आहे.

एक गोष्ट विद्यार्थी हमखास विचारतात: आपली नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण असताना परक्या दुर्बिणीचा डेटा कशाला? जीएमआरटी पल्सारसाठी जगात नावाजलेली आहे. पण ती दक्षिणेला खगोलीय अक्षांशाच्या साधारण उणे 53 अंशांपर्यंतच बघू शकते आणि हा पल्सार उणे 64 च्या जवळ आहे. तो तिच्या टप्प्यात येतच नाही. सांगलीच्या आकाशात मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास तो जेमतेम नऊ अंश वर येतो. लॅटच्या पट्ट्यातल्या गॅमा किरणांचं तर जमिनीवर कुठूनच जमायचं नाही, वातावरण ते अडवतं. ते बघायचे तर अवकाशातच जावं लागतं. म्हणून फर्मी.

सेवा कुणासाठी आहे? सुंदर चित्रं बघायची असतील त्यांच्यासाठी नाही. इथे चित्र मिळत नाही, तक्ता मिळतो. सांख्यिकीची थोडी आवड, बसून काम करायची तयारी आणि एखादा प्रश्न डोक्यात असलेला माणूस, त्याच्यासाठी ही सोन्याची खाण आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने तर जरूर घ्यावी. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिक्षक सोबत असेल तर जमते. संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आणि आकाशाची आवड असलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना तर ही अवजारं आमच्यापेक्षा लवकर जमतील. पाचपैकी पावणेपाच गुण देते. पाव गुण कापला तो फक्त यासाठी, की अगदी नवख्या माणसाला पहिला आलेख हाती येईपर्यंत फार वाट बघावी लागते.

पुढची जवळीक 2027 च्या नोव्हेंबरमध्ये, 18 तारखेच्या आसपास आहे. आधीची जवळीक 2024 च्या 30 जूनची, तिच्यात 1236.7 दिवस मिळवले की ती तारीख येते. फर्मी तोवर चालू राहिली, तर भडका डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून 2028 च्या जानेवारीपर्यंत कधीही उडू शकतो. तोपर्यंत हात बसवायचा असेल तर 2011 पासून सुरुवात करा, कारण तो भडका ठळक आहे आणि तुमचा आकडा छापील आकड्याशी ताडून बघता येतो. 2014 लगेच त्याच अक्षावर चढवा. 2017 शेवटी ठेवा, आणि ते करताना दिवसाचे कालखंड सोडून तासांवर या. ते मिनिटांचे झटके दिवसाच्या सरासरीत पार बुडून जातात, तिथे प्रत्येक फोटॉनची वेळ स्वतंत्र बघावी लागते. वर सांगितलेला वेळेचा लांबलचक रकाना त्यासाठीच आहे.